बत्ती बंद आहे हो!

मागच्या महिन्यात तालुक्याच्या कॉलेजातला एक मास्तर घरी आला. पायात बूट, खांद्याले झोळी. म्हणाला, "बाबा, नदीतल्या बेटावरच्या त्या बंद दिव्याचा इतिहास सांगा." मी म्हटलं, "माह्या बापानं त्याच्या विटा डोक्यावर वाहिल्या. माह्या डोळ्यासमोर तो बंद पडला. आता त्याच्यात बकऱ्या बसतात. झाला इतिहास. चहा घेता का?"

तो म्हणाला, तसं नाई, तिथी जो माणूस राहत होता त्याच्याबद्दल सांगा. मंग मी सांगाले बसलो. चहा थंडा झाला, त्याच्या गाडीची वेळ झाली, अर्धं आयकून तो पळाला. माही बायको असती तं तिनं त्याले जेवल्याशिवाय उठू देलं नसतं. ती यंदा उन्हाळ्यात गेली. ते इथी लिहाचं नाई असं ठरवून बसलो आहे. बत्तीवाल्याचं तेवढं लिहितो.

पयले एक सांगून टाकतो. गावातले लोक आता म्हणतात, बत्तीवाला देवमाणूस होता. खोटं आहे. माणूस मेला की लोकाईले असंच सुचते. तो देवमाणूस नव्हता, डोकं खाणारा माणूस होता.

आमचं गाव नदीच्या काठावर. गावासमोर पाण्यात बेट आहे, आन बेटाच्या एका अंगाले वरून खालपर्यंत काळ्या खडकाची ओळ आहे. आमी त्याले 'दात' म्हणतो. उन्हाळ्यात त्या दातावर बायका धुणं वाळवतात. पुरात ते दिसत नाईत, तवा ते चावतात. इंग्रजाच्या राज्यात वरच्या जंगलातलं सागवान तराफे बांधून याच पाण्यानं सिरोंच्याकडं जात होतं. तराफे दातावर आपटून फुटत. माणसंबी फुटत असतीन, पण सरकारले लाकडाची काळजी. म्हून बेटाच्या वरच्या टोकावर बुरूज बांधला, बुरजावर काचेची खोली केली, खोलीत ही मोठी बत्ती ठेवली. समुद्रावर असते म्हणतात तशी. मी समुद्र पाह्यला नाई. बत्तीवाल्यानंबी पाह्यला नव्हता, पण तो तसं कबूल करत नव्हता.

मंग सडका झाल्या, ट्रक आले, लाकूड ट्रकवर चढलं. नदीत उरलो आमी धीवर आन आमचे डोंगे. धीवराच्या डोंग्यासाठी कोनतं सरकार तेल जाळते? ऐंशी सालाच्या आगंमागं एक साहेब आला. बेटावर मासे वाळू घातले होते, म्हून त्यानं नाकाले रुमाल लावला, आन रुमालातूनच बत्तीवाल्याले म्हणाला, "आजपासून ही बत्ती बंद ठेवायची." आन गेला.

आता शहाणा माणूस काय करन? पेटी उचलन, घरी जाईन. यानं काय केलं, तं यानं बत्ती बंद ठेवाले सुरुवात केली.

रोज दिवस बुडाला की खाकी टोपी घालून बुरजावर चढे. काच पुसे. आत डोकावून पाहे. बत्ती बंद आहे, याची खात्री करून घे. मंग बाहेर येऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून, गावाकडं बोंबले,

"बत्ती बंद आहे होऽऽ!"

मी एकदा विचारलं, "भाऊ, बंद बत्तीची काच काऊन पुसता?"

तो म्हणाला, "काच घाण राह्यली तं बत्ती बंद आहे का बिघडली आहे, लोकाईले कसं समजन?"

मी वल्हं उचललं आन निघालो.

उंच माणूस, पाठीत वाकलेला, कानावर केसाचे झुबके. बत्ती बंद होऊन किती पावसाळे गेले तरी अंगाले घासलेटचा वास. माही बायको मले म्हणे, "त्याच्याजवळ बिडी पेटवू नका, भडकन तो." बायको-लेकरं नाई. एक कोंबडी होती, तिले तो 'मॅडम' म्हणे. मॅडम अंडे देत नव्हती. कोनी विचारलं की म्हणे, "तिचीबी बत्ती बंद आहे." पण कापत नव्हता. मासे आमी देत होतो, आन त्यातल्या काट्यासाठी शिव्या तो आमाले देत होता, जसे काटे मीच रातभर बसून शिवले आहेत.

इतिहास सांगाचा त्याले भारी शौक. मी डोंग्यात माणसं इकडून तिकडं नेत होतो. कधी कोनी म्हणे, बेटावर उतरव, बुरूज पाहाचा आहे. मंग बत्तीवाला टोपी घालून समोर येऊन उभा. जंगलखात्याचा गार्ड आला तं त्याले सांगतलं, बुरूज वाघाईवर नजर ठेवाले बांधला होता, आन वाघ खाली बसून वरच्या माणसावर नजर ठेवत होता. राजुऱ्याकडचं एक वऱ्हाड आलं, त्याईले सांगतलं, राजानं राणीसाठी बांधला, राणीले मासे आवडत होते पण वास आवडत नव्हता, म्हून एवढ्या वर. एक मुसलमान चाचा बांगड्या विकत गावोगाव फिरत होते, त्याईले सांगतलं, याचा कारागीर तुमचाच जातभाई, असा चुना सातमुलखात कोनाले जमला नाई. चाचा इतके खुश झाले की जातानी हिरव्या बांगड्या काढून देल्या, म्हणाले, "घरवाली को देना." घरवाली कुठची? त्यानं त्या माह्या बायकोले आणून देल्या.

बायको म्हणाली, "खोट्या इतिहासाच्या बांगड्या मले नाई पाह्यजे."

दोन दिवसानं तिच्या हातात दिसल्या. जित्या माणसाले सगळंच बोलून दाखवाचं नसते.

मी बत्तीवाल्याले म्हटलं, "भाऊ, एखाद्याले खरा इतिहास तं सांगा."

"खरा आयकाले कोनी डोंग्यात बसून येते का?" तो म्हणाला.

एकदा नवा साहेब आला. जुन्या साहेबाची बदली झाली होती. याले कोनी तरी सांगतलं होतं की बेटावर सुट्टीच्या दिवशी लोक फिराले येतीन, बत्ती लावली तं शोभा येईन. सोबत फोटोवाला. दिवस बुडाले आला होता. माह्या डोंग्यातून उतरला आन म्हणाला, "हां, लावा बत्ती."

"बंद आहे साहेब."

"माहीत आहे. लावा आता."

"नाई साहेब. बंद ठेवाचा हुकूम आहे."

"कोणाचा हुकूम?"

"तुमचाच."

"अहो, मी तर आज पहिल्यांदा येतोय!"

"तुमी नाई, तुमची खुर्ची आली होती," बत्तीवाला म्हणाला. "तिच्यावर कोन बसलं होतं, ते मले काय कराचं?"

फोटोवाला तोंड फिरवून हसला. साहेब लाल झाला. म्हणाला, मीच लावतो. आन चढाले लागला. बुरजाच्या पायऱ्या गोल-गोल, अंधाऱ्या, त्यात वटवाघळं. खालून आमाले त्याचा दम आयकू येत होता. वर गेला. मंग वरून बोंबलला, "अरे, इथं तर बत्तीच नाही!"

खरंच नव्हती. मलेबी तवाच समजलं. बत्ती बंद झाली त्याच साली खात्याची माणसं येऊन ती उचलून घेऊन गेली होती. काचेच्या खोलीत फक्त लोखंडाचा एक खुंटा उभा होता. हा माणूस इतके वर्ष रोज वर चढून त्या खुंट्याले पाहून येत होता.

बत्तीवाला खालून वर पाहत, शांतपणे म्हणाला, "म्हून तं बंद आहे, साहेब."

साहेब परत कधी आला नाई. बत्तीवाल्याले बेटावरून उठवाचंबी कोनाच्या ध्यानात राह्यलं नाई.

आता त्या बोंबलण्याचं सांगतो, कारण पुढचं सारं त्याच्यावर आहे.

तो नागभीडचा. बाप रेल्वेत सिग्नलवर होता. बापानं त्याच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती. तो आमाले दर आठ दिवसानं आयकवे. "सिग्नल देला म्हंजे काम अर्धं झालं. समोरच्यानं जवाब देला म्हंजे पुरं. जवाब नाई, तं गाडी उभी." बत्ती चालू होती तवा तो बेटावरून "बत्ती लागली होऽऽ" बोंबले, आन काठावर लाकडाच्या डेपोचा चौकीदार "आयकलं होऽऽ" म्हणे. डेपो उठला, चौकीदार गेला. बत्तीवाल्याले जवाब देणारा कोनी उरला नाई.

तं पयल्या दिवशी तो बोंबलला, "बत्ती बंद आहे होऽऽ!" जवाब नाई. परत बोंबलला. परत जवाब नाई. गाडी उभी ना! गावातले कुत्रे रडाले लागले, लेकरं उठून बसले. आमचं घर अगदी काठाले. माही बायको भाकरी टाकून राह्यली होती. उठली, पिठाच्या हातानं तशीच काठावर गेली, आन अख्खी नदी हालन अशी बोंबलली,

"आयकलं होऽऽ! मरा आता!"

तिकडं चूप. तवापासून ते काम तिचं झालं. रोज दिवस बुडाला की तिकडून हा, इकडून ही. 'मरा आता' तिनं कधी सोडलं नाई. त्याले वाटे, तो जवाबाचाच भाग आहे.

एक दिवस तिच्या अंगात ताप होता, तं मी गेलो आन म्हटलं, "आयकलं होऽऽ!"

बेटावरून आवाज आला, "तुमाले कोनं चार्ज देला?"

"अरे भाऊ, ती आजारी आहे!"

"चार्ज बाईकडं आहे! बाईले बोलवा!"

ती तशी तापानं फणफणलेली, गोधडी गुंडाळून काठावर आली, "आयकलं होऽऽ, मरा आता" म्हणाली, तवा तो उतरला. त्यानंतर चिमूरकडं माहेरी जाची असली की निघाच्या दिवशी ती काठावर उभी राहून रीतसर सांगे, "आजपासून माहा बुढा जवाब देईन होऽऽ!" मंगच माहा जवाब चाले. मी तिले म्हणे, तूबी त्याच्यासारखीच येडी झाली. ती म्हणे, "माणूस दिवसभर एकटा आहे. एक शब्द तोंडावर मारून फेकला तं काय माहं सोनं झडते?"

आता त्या दिवसाचं.

भादव्याचे दिवस होते. नदीच्या पलीकडं बाजार भरे. आमी दोघं सकाळी गेलो. नदी भरली होती, पण माहा हात त्या पाण्यात लहानपणापासून बसला होता. बायकोले मी म्हटलं, तू नको येऊ. ती म्हणाली, "तुमी मागच्या बाजारी मिरच्या सडक्या आणल्या." दिवस बुडाच्या आंधी परत येणार होतो, म्हून तिनं चार्ज कोनाले देला नव्हता.

परत निघालो तवा आभाळ काळं होतं. नदीच्या अर्ध्यात आलो आन पाऊस असा कोसळला की माह्या डोंग्याचं समोरचं टोक मले दिसेना. मागचा काठ गेला, पुढचा काठ गेला. वरून कुठी तरी जास्त पाऊस झाला असन, पाणी एकदम चढाले लागलं, लाल, फेसाचं, त्याच्यात मोडके झाडं. डोंगा गोल फिरला. एकदा फिरला, परत फिरला, आन मले समजेना की आपण कुठी तोंड करून आहो. आयुष्यभर त्या नदीत काढलं, आन त्या वेळी मले वर कोनतं आन खाली कोनतं ते समजेना. दात कुठी तरी जवळ आहेत एवढं समजत होतं. पाण्याचा आवाज बदलला होता.

मी बायकोले म्हटलं, "घट्ट धर." दुसरं काई सुचलं नाई. ती टोपल्यानं डोंग्यातलं पाणी उपसून राह्यली होती.

आन पावसातून, लांबून, आवाज आला.

"बत्ती बंद आहे होऽऽ!"

येडा माणूस! आभाळ फाटलं, नदी उलटली, आन हा खुंटा पाहाले वर चढला होता. पण बुरूज बेटाच्या वरच्या टोकावर. त्याचा आवाज नाकासमोर ठेवला तं वरच्या टोकाच्या रेतीले डोंगा लागन. आवाज एका बाजूले सरकला, तं समजाचं दात.

मी वल्हं मारलं. आनंदानं मले राह्यवलं नाई. "आयकलं..." म्हणाले तोंड उघडलं, तवढ्यात माह्या बायकोनं मागून माह्या तोंडावर हात दाबला. त्याच हिरव्या बांगड्या माह्या दातावर वाजल्या.

"चूप," ती म्हणाली. "जवाब देऊ नका."

"काऊन?"

"जवाब देला तं तो बोंबलनं बंद करन."

मी तिच्याकडं पाह्यलं. ओली, केस तोंडावर, डोळे बारीक करून आवाजाकडं कान. मी तिसरीत शाळा सोडली, ती तं शाळेत गेलीच नाई, पण माह्या अख्ख्या घरात अक्कल तेवढी तिच्याकडंच होती.

"बत्ती बंद आहे होऽऽ!"

चूप बसलो. वल्हं मारलं. आवाज डावीकडं सरकला की ती माह्या डाव्या खांद्यावर मारे, मी डोंगा वळवे. त्याचा आवाज फाटाले लागला. आंधी नुसतं "बत्ती बंद आहे." मंग "बाई, बत्ती बंद आहे होऽऽ!" मंग, "बाई होऽऽ! आयकून राह्यल्या का नाई!" त्या आवाजात रडू होतं. मले वाटलं, देऊन टाकावा जवाब. तिनं पदर दातात धरला, पण तोंड उघडलं नाई. एवढं त्याले रडवत, त्याच्या रडण्याले धरून आमी येत होतो.

"बाईऽऽ! जवाब द्या वंऽऽ! शिव्या द्याऽऽ!"

डोंग्याचं पोट रेतीले घासलं. मी उडी मारून तोंड धरलं. उजवीकडं, अगदी दगड फेकला तं लागन इतक्यावर, पाणी दातावरून फुटून राह्यलं होतं. बायको उतरली, पडली, उठली, बुरजाच्या पायथ्याशी गेली, आन वर तोंड करून म्हणाली,

"आयकलं होऽऽ! मरा आता!"

वर एकदम चूप. मंग धाडधाड पायऱ्यावरून तो खाली आला. टोपी नाई, केसातून पाणी गळत. आमाले पाह्यलं. मले वाटलं हा आता गळ्यात पडन.

"इतका उशीर?" तो म्हणाला.

बायको तशी ओली, कुडकुडत, पण तिलेबी राह्यवलं नाई. "आमी मरत होतो न भाऊ! दुसरं काई बोंबलाचं सुचलं नाई का तुमाले?"

"दुसरं काय बोंबलू? बंदच आहे ना."

"आन नसता जवाब आला तं?"

त्यानं तिच्याकडं असं पाह्यलं की जशी तिनं काई तरी खुळ्यासारखं विचारलं. "तं उभा राह्यलो असतो," तो म्हणाला. "जवाब नाई, तं गाडी उभी."

त्या दिवशी त्यानं आमच्यासाठी मॅडम कापली. आमी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "तशीबी ती आळशी होती." पण त्यानं सोता नुसती भाकर खाल्ली, हे मी पाह्यलं.

पुढं त्याचा भाऊ नागभीडवरून येऊन त्याले घेऊन गेला. डोळ्यानं दिसत नव्हतं त्याले. डोंग्यात बसाच्या आंधी बायकोले म्हणाला, "बाई, बत्ती बंद आहे. आता तुमच्याकडं." तिनं मान हालवली. तिथीच तो मेला म्हणतात. देवमाणूस नव्हता, हे मी वर लिहिलंच आहे.

तं एवढं मास्तरले सांगाचं राह्यलं होतं.

आता जे लिहाचं नाई म्हटलं होतं, ते लिहितो. ती गेली ते चार्ज कोनाले न देता गेली. एका दुपारी, मिरच्या निसता-निसता. घरात आता मी एकटा. दिवस बुडाला की बटन दाबतो आन तोंडातून आपोआप निघते, "बत्ती लावली वं." जवाब नाई. पयले काई दिवस त्यानंतर मी चूप बसत होतो. जेवत नव्हतो, बोलत नव्हतो, गोल-गोल फिरत होतो, आन आपलं तोंड कुठी आहे ते समजत नव्हतं.

मंग एक दिवस मले माह्या दातावर त्या बांगड्या वाजल्यासारख्या झाल्या.

आता मी रोज काठावर जातो. पोरं हसतात, शेजारची म्हणते, बुढ्याचं डोकं फिरलं. फिरू दे. दोन्ही हात तोंडाशी धरतो आन अख्खी नदी हालन असा बोंबलतो, "बत्ती लागली होऽऽ!" तिकडून काईच येत नाई. मी थांबतो, परत बोंबलतो.

नको देऊ जवाब, म्हातारे. देला तं मी चूप बसन, आन मंग तुले घर सापडाचं नाई.